डावी कोरोनरी फुप्फुस धमनीतून निघते तेव्हा: ११ आठवड्यांच्या बाळाचे प्रकरण

बाळ ११ आठवड्यांचे. जन्मावेळी वजन ३.१ किलो, आता ४.१. पहिला दीड महिना बाळसे नीट धरले, मग वजनाचा काटा जवळपास थांबला. दूध पिताना ते दोन-तीन मिनिटे ओढते, दम खाते, पुन्हा तोंड लावते. कपाळ आणि डोके घामाने भिजते, चेहरा पांढराफटक पडतो आणि मग पाय पोटाशी घेऊन ते कळवळून रडते. पोटात वात धरला असेल म्हणून आधी थेंब दिले गेले. दूध वर येते म्हणून नंतर आम्लाचे औषध सुरू झाले. खोकला आणि धाप दिसल्यावर ब्रॉन्किओलायटिस, म्हणजे बारीक श्वासनळ्यांचा दाह, ठरला. छातीचा एक्स-रे काढला तेव्हा हृदय इतके मोठे दिसले की डाव्या फुप्फुसाचा खालचा भाग त्याखाली दबला होता. इकोचा अहवाल आला: डायलेटेड कार्डिओमायोपॅथी (स्नायू दुबळा होऊन हृदय फुगणे), इजेक्शन फ्रॅक्शन (दर ठोक्याला डाव्या जवनिकेतून, म्हणजे डाव्या खालच्या कप्प्यातून, बाहेर पडणारा रक्ताचा वाटा) २२ टक्के, मायट्रल झडपेची (डाव्या कर्णिका-जवनिकेमधल्या झडपेची) मध्यम गळती, हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या दोन्ही कोरोनरी धमन्यांचा उगम नॉर्मल.

यातला शेवटचा भाग चुकला होता. बाळाची डावी कोरोनरी धमनी महाधमनीऐवजी फुप्फुस धमनीतून निघत होती. बालहृदयरोगात या दोषाला त्याच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून अल्कापा (ALCAPA) म्हणतात. सुमारे ३ लाख जन्मांत एका बाळात तो आढळतो आणि शस्त्रक्रिया झाली नाही तर यातली बहुतेक बाळे पहिल्या वर्षातच दगावतात. कार्डिओमायोपॅथी ठरलेल्या बाळाला औषधे मिळतात, चयापचयाच्या तपासण्या होतात, पुढे हृदयप्रत्यारोपणाचा विषय निघतो. अल्कापाच्या बाळाला मात्र एका शस्त्रक्रियेने जवळपास नॉर्मल चालणारे हृदय परत मिळू शकते. म्हणून तान्ह्या बाळात कार्डिओमायोपॅथी लिहिण्याआधी डावी कोरोनरी कुठून निघते आणि तिच्यात रक्त कोणत्या दिशेने वाहते, या दोन्ही गोष्टी सिद्ध झाल्या पाहिजेत. केवळ पहिली पुरत नाही, हेच या प्रकरणातून दिसते.

(इथले बाळ म्हणजे एखाद्या विशिष्ट रुग्णाची नोंद नाही. अशा बाळांत नेहमी जे दिसते आणि जे करावे लागते, ते एका प्रकरणात एकत्र मांडले आहे.)

जन्मानंतर दीड महिना बाळ बरे कसे राहते, हे समजले की निदान निम्मे झाले. गर्भात फुप्फुस धमनीतला दाब महाधमनीइतकाच असतो आणि दोन्हींतल्या रक्तातल्या ऑक्सिजनमध्येही फार फरक नसतो. डावी कोरोनरी कुठूनही निघो, हृदयाच्या स्नायूला पुरेसे रक्त मिळते. जन्मानंतर सहा ते आठ आठवड्यांत फुप्फुसातला रोध उतरतो आणि फुप्फुस धमनीतला दाब पडतो. आता डाव्या कोरोनरीत रक्त ढकलणारा जोरच उरत नाही. उजव्या कोरोनरीकडून येणाऱ्या आडवाटांनी, म्हणजे कोलॅटरल वाहिन्यांनी, थोडे रक्त डावीकडे येते. पण समोर डाव्या जवनिकेच्या स्नायूतल्या केशवाहिन्यांचा रोध असतो आणि मागे फुप्फुस धमनीचे कमी दाबाचे मोकळे तोंड. रक्त सोपी वाट धरते, डाव्या कोरोनरीतून उलटे वाहते आणि फुप्फुस धमनीत सांडते. यालाच कोरोनरी स्टील म्हणतात. कोलॅटरल भरपूर असलेली थोडी मुले मोठेपणापर्यंत टिकतात. ज्यांच्यात ती तोकडी असतात त्यांची डावी जवनिका दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात फुगू लागते. पुढच्या-बाजूच्या भिंतीला आणि तिथल्या पॅपिलरी स्नायूला सर्वांत जास्त झळ बसते. तो स्नायू मायट्रल झडपेच्या दोऱ्या धरून असतो, म्हणून झडप गळते.

दूध पिणे हाच या वयातला सर्वांत मोठा व्यायाम. त्या श्रमात हृदयाची ऑक्सिजनची गरज वाढते, पुरवठा वाढत नाही आणि बाळाच्या छातीत कळ येते. १९३३ मध्ये ब्लँड, व्हाइट आणि गार्लंड यांनी अशाच तान्ह्या बाळाचे वर्णन करताना दूध पितानाच्या या झटक्यांचा संबंध हृदयशूळाशी जोडला होता. पोटाच्या दुखण्यात बाळ लाल होऊन रडते. इथे ते फिकट पडते आणि घामेजते. घाम, फिकटपणा आणि थांबलेले वजन या तीन गोष्टी एकत्र दिसल्या तर पोटाचे औषध बाजूला ठेवून ईसीजी काढावा.

या बाळाचा ईसीजी पहिल्या दिवशीच काढलेला होता, पण त्यावर फक्त 'साइनस टॅकीकार्डिया (जलद ठोके), डावी जवनिका जाड' एवढेच लिहिले होते. नीट पाहिल्यावर लीड एक आणि एव्हीएल या हृदयाची डावी बाजू दाखवणाऱ्या लीड्समध्ये खोल, रुंद क्यू लहरी होत्या. एव्हीएलमधली क्यू ५ मिलिमीटर खोल आणि ४० मिलिसेकंद रुंद, मागोमाग टी लहर उलटी. व्ही ५ आणि व्ही ६ मध्येही क्यू होत्या. लीड दोन, तीन आणि एव्हीएफमध्ये मात्र त्या नव्हत्या. तान्ह्या बाळांच्या खालच्या लीड्समध्ये बारीक क्यू सहज दिसतात, त्यात काळजीचे कारण नाही. एव्हीएलमध्ये ३ मिलिमीटरपेक्षा खोल आणि ३० मिलिसेकंदांपेक्षा रुंद क्यू दिसली, तर दुसरे काही सिद्ध होईपर्यंत अल्कापाच धरून चालावे. उलट बाजूही लक्षात असू द्या: क्यू नसली म्हणून अल्कापा नाही असे म्हणता येत नाही आणि मायोकार्डायटिसमध्येही, म्हणजे हृदयाच्या स्नायूच्या दाहातही, असा ईसीजी येऊ शकतो. हृदयाच्या स्नायूला इजा झाल्याचे दाखवणारे रक्तातले ट्रोपोनिन दोन्हींत वाढते, त्यामुळे त्यावरून निवाडा होत नाही.

आता इको. पहिल्यांदा ती का फसली? छातीच्या डाव्या बाजूने आडवा छेद घेतला की महाधमनीच्या डाव्या सायनसजवळून (मुळाशी असलेल्या फुगवट्याजवळून) एक काळी पोकळ रेघ जाताना दिसते. पेरिकार्डियममधली, म्हणजे हृदयावरणातली, ट्रान्सव्हर्स सायनस नावाची पोकळी नेमकी तिथे असते. डावी कोरोनरीही त्याच जागी, महाधमनीला अगदी चिकटून पुढे जाते. द्विमितीय चित्रात ती महाधमनीला जोडलेली आहे असे वाटायला एवढे पुरेसे असते. मिनिटाला १६५ ठोके, रडणारे बाळ आणि आधीच मनात बसलेली कार्डिओमायोपॅथी, यांत ती रेघ कोरोनरीचा उगम म्हणून नोंदली गेली. रक्ताची दिशा आणि वेग रंगात दाखवणारा डॉपलर लावला होता, पण वेगाची मर्यादा झडपांसाठी ठेवतात तशी सेकंदाला ७० सेंटिमीटरच्या आसपास होती. कोरोनरीतला संथ प्रवाह त्या मर्यादेवर दिसतच नाही.

दुसऱ्या इकोत बाळाला शांत केले, जास्त वारंवारतेचा प्रोब घेतला आणि रंगाची मर्यादा सेकंदाला २० ते ३० सेंटिमीटरवर आणली. मग चित्र उलगडत गेले. डाव्या पुढच्या उतरत्या धमनीतला प्रवाह नेहमी प्रोबच्या दिशेने, म्हणजे लाल दिसतो. इथे तो निळा होता, म्हणजे उलटा. फुप्फुस धमनीच्या मुळाशी, झडपेच्या जरा वर, डायस्टोलमध्ये (हृदय सैल पडून भरते तेव्हा) एक बारीक झोत आत शिरत होता. दोन्ही जवनिकांमधल्या पडद्यात रंगाचे ठिपके होते. एरवी स्नायूतले छोटे छिद्र समजून त्यांच्याकडे दुर्लक्ष होते, पण ती कोलॅटरल वाहिन्यांची खूण होती. उजवी कोरोनरी २.४ मिलिमीटर रुंद होती. या वजनाच्या बाळात ती साधारण दीड मिलिमीटरच्या आत असते. डावी जवनिका डायस्टोलमध्ये ३६ मिलिमीटर, जिथे २० ते २२ अपेक्षित. पॅपिलरी स्नायू आणि आतले अस्तर पांढरे, चकाकणारे दिसत होते. रक्तपुरवठा तुटलेल्या स्नायूत तंतुमय बदल झाल्याची ती निशाणी.

एका ठिकाणी मात्र ही चिन्हे दगा देतात. मायट्रल गळतीमुळे किंवा सोबतच्या दुसऱ्या दोषामुळे फुप्फुस धमनीतला दाब चढलेलाच असेल, तर डाव्या कोरोनरीत रक्त सरळ दिशेने वाहत राहते आणि उजवी कोरोनरी रुंद होत नाही. अशा बाळात इकोवर विसंबून न राहता सीटी अँजिओग्राफी करावी. या बाळात सीटी केली ती निदानासाठी कमी आणि नकाशासाठी जास्त: कोरोनरी फुप्फुस धमनीच्या डाव्या-मागच्या सायनसमधून निघत होती आणि तिचे तोंड महाधमनीपासून अवघ्या काही मिलिमीटरवर होते. इको स्वच्छ असेल तर सीटीसाठी शस्त्रक्रिया लांबवू नये. कॅथेटर तपासणीची गरज आता क्वचितच पडते आणि अशा दुबळ्या जवनिकेत तिचा धोकाही मोठा असतो.

निदान ते शस्त्रक्रिया हा एक-दोन दिवसांचा काळ हाताळताना नेहमीच्या सवयी आवराव्या लागतात. सर्वांत आधी ऑक्सिजन. धापा टाकणाऱ्या बाळाच्या नाकाला नळी लावायला हात आपोआप पुढे होतो. पण ऑक्सिजनने फुप्फुसातला रोध आणखी उतरतो आणि डाव्या कोरोनरीतून होणारी सांड वाढते. या बाळाचे सॅच्युरेशन साध्या हवेवर ९५ होते, म्हणून नळी लावली नाही. व्हेंटिलेटरवर घ्यावे लागलेच, तर रक्तातला कार्बन डायऑक्साइडचा दाब ४० मिलिमीटर पाऱ्याच्या खाली जाऊ देऊ नये, त्याचे कारणही हेच. दुसरी गोष्ट रक्तदाब. सगळे हृदय आता उजव्या कोरोनरीवर जगत असते आणि तिला रक्त मिळते ते महाधमनीतल्या डायस्टोलिक दाबावर. रक्तवाहिन्या सैल करणारी औषधे सढळ हाताने दिली तर तोच आधार निसटतो. हृदयाला जोर देणारे पण रक्तवाहिन्याही सैल करणारे मिलरिनोन सुरुवातीचा मोठा डोस न देता मिनिटाला किलोमागे ०.२५ मायक्रोग्रॅमने चालू केले. लघवी वाढवणारे फ्युरोसेमाइड किलोमागे १ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा. दूध थोडे थोडे, नळीने. भूल देताना प्रोपोफॉल टाळले, फेंटानिल आणि केटामाइन वापरले आणि अॅड्रेनॅलिन सिरिंजमध्ये भरून हाताशी ठेवले.

२२ टक्के इजेक्शन फ्रॅक्शनवर एवढी मोठी शस्त्रक्रिया कशी करायची, हा प्रश्न आई-वडील विचारतात आणि काही डॉक्टरही. आधी औषधांनी हृदय सुधारू द्यावे, हा विचार सरळ वाटतो पण तो घातक आहे. जवनिकेचा बराचसा स्नायू मेलेला नसतो. रक्त कमी मिळते म्हणून त्याने काम आवरते घेतलेले असते. औषधाने रक्त वाढत नाही, पण प्रत्येक आठवड्यागणिक त्यातला थोडा स्नायू कायमचा जातो. इजेक्शन फ्रॅक्शन कितीही कमी असो, ते शस्त्रक्रिया नाकारण्याचे कारण ठरू नये. मात्र कृत्रिम रक्ताभिसरणाची, म्हणजे एक्मोची तयारी असलेल्या केंद्रातच ती व्हावी. ती सोय नसेल तर बाळाला पुढे पाठवणे हाच उपचार.

शस्त्रक्रियेत बारकाव्यांना फार महत्त्व आहे. छातीचे मधले हाड उघडल्यावर डावी जवनिका फुगलेली, फिकट आणि जेमतेम हलणारी दिसते. तिला हार्ट-लंग मशीन सुरू होईपर्यंत हात लावायचा नाही, थोड्या धक्क्यानेही फिब्रिलेशन होते, म्हणजे ती नीट न आकुंचता नुसती थरथरते. रक्त गोठू न देणारे हेपरिन किलोमागे ४०० युनिट, एसीटी (रक्त गोठायला लागणारा वेळ) ४८० सेकंदांच्या वर. मशीन सुरू होताच डावी आणि उजवी फुप्फुस शाखा फासात आवळल्या. हे विसरले तर काय होते? मशीनने उजवी जवनिका रिकामी होते, फुप्फुस धमनीतला दाब शून्याजवळ येतो आणि उजव्या कोरोनरीतून आलेले सगळे रक्त डावीकडून फुप्फुसात निघून जाते. सुरक्षित वाटणाऱ्या त्या मिनिटांतच हृदय उपाशी राहते. कार्डिओप्लेजियालाही, म्हणजे हृदय थांबवून जपणाऱ्या द्रावणालाही, हेच लागू: केवळ महाधमनीच्या मुळात दिला तर तो कोलॅटरलमधून निसटतो, डाव्या स्नायूपर्यंत पुरेसा पोहोचत नाही. म्हणून डेल निडो द्रावण किलोमागे २० मिलिलिटर, म्हणजे ८२ मिलिलिटर, महाधमनी आणि फुप्फुस धमनी या दोन्हींच्या मुळातून मिळून दिले. उजव्या वरच्या फुप्फुस शिरेतून डाव्या जवनिकेत व्हेंट, म्हणजे साचणारे रक्त काढून घेणारी नळी, घातला, कारण थांबलेली जवनिका रक्ताने ताणली जाणे तिला सर्वांत वाईट.

फुप्फुस धमनी झडपेच्या वर आडवी उघडून कोरोनरीचे तोंड शोधले. ते भोवतीच्या भिंतीचा सढळ तुकडा ठेवून कापले. इथे कंजूषी केली तर पुढे लांबी कमी पडते. हा तुकडा, ज्याला बटण म्हणतात, पहिल्या फांदीला धक्का न लावता मोकळा केला. मग महाधमनीच्या मुळात द्रावण सोडून ती फुगवली आणि बटण कुठे बसेल याची खूण केली. रिकाम्या महाधमनीवर जागा ठरवली की हृदय भरल्यावर कोरोनरी ताणली जाते किंवा मुडपते. महाधमनीच्या झडपेच्या कोपऱ्याला इजा होणार नाही अशा उंचीवर, डाव्या-मागच्या बाजूला छेद घेऊन बटण ८-० पॉलिप्रोपिलिनच्या सलग टाक्याने जोडले. महाधमनी बंद केल्यावर मुळात पुन्हा द्रावण देऊन डावी कोरोनरी भरते का आणि टाक्यातून गळते का, हे तपासले. ही तपासणी त्याच वेळी करायची, कारण फुप्फुस धमनी पुढून जोडली की मागच्या टाक्यापर्यंत हात पोहोचत नाही.

फुप्फुस धमनीत पडलेली पोकळी बाळाच्याच पेरिकार्डियमच्या पट्टीने भरली. त्याआधी डक्टसचा (गर्भात महाधमनी आणि फुप्फुस धमनी जोडणाऱ्या वाहिनीचा) उरलेला बंध तोडून दोन्ही शाखा फुप्फुसाच्या मुळापर्यंत मोकळ्या केल्या, नाहीतर जोडलेली धमनी ताठ होऊन खालच्या कोरोनरीवर दाब देते. मायट्रल झडपेला हात लावला नाही. स्नायूला रक्त मिळू लागले की बहुतेक बाळांत गळती आपोआप कमी होते आणि झडपेच्या दुरुस्तीसाठी महाधमनी आणखी वेळ बंद ठेवणे या हृदयाला परवडत नाही. झडपेची रचनाच बिघडलेली असेल तर गोष्ट वेगळी.

कोरोनरी दूरच्या सायनसमधून निघत असेल तर बटण पोहोचत नाही. तेव्हा फुप्फुस धमनीच्या भिंतीची पट्टी गुंडाळून नळी बनवतात आणि लांबी वाढवतात. ताकेउची यांनी १९७९ मध्ये मांडलेला उपाय निराळा: महाधमनी आणि फुप्फुस धमनी यांच्यात खिडकी करायची आणि फुप्फुस धमनीच्या आतूनच कोरोनरीपर्यंत बोगदा न्यायचा. त्यात पुढे बोगदा गळणे आणि फुप्फुस धमनी अरुंद होणे हे त्रास उद्भवतात. त्याहून जुन्या काळी कोरोनरी नुसती बांधून सांड थांबवत असत. पण त्यात हृदय आयुष्यभर एकाच कोरोनरीवर राहते. १९७४ मध्ये नेचेस आणि सहकाऱ्यांनी थेट महाधमनीत जोडणी केली आणि आज शक्य असेल तिथे तीच केली जाते.

मशीनवरून उतरताना डाव्या कर्णिकेत दाब मोजणारी नळी ठेवली. मिनिटाला किलोमागे मिलरिनोन ०.५ आणि अॅड्रेनॅलिन ०.०५ मायक्रोग्रॅम, मध्य रक्तदाब ४५, डाव्या कर्णिकेचा दाब १४. हृदयावरूनच केलेल्या इकोत डाव्या कोरोनरीत सरळ प्रवाह दिसला. छाती उघडीच ठेवून वर पडदा लावला. चार तासांनी लॅक्टेट (शरीराला रक्त कमी पडल्याची रक्तातली खूण) ३ वरून ७ वर गेले आणि कर्णिकेचा दाब २२ झाला.

अशा वेळी औषधाचा डोस वाढवण्याआधी एक प्रश्न सोडवायचा: कोरोनरी मुडपली आहे की स्नायू अजून जागा झालेला नाही? ईसीजीवर एसटी भागाचा नवा चढ (स्नायूला रक्त कमी पडल्याची खूण), पुढच्या भिंतीची आणखी बिघडलेली हालचाल, कोरोनरीत न दिसणारा प्रवाह यांपैकी काहीही असेल तर बाळाला लगेच पुन्हा टेबलावर घ्यायचे. इथे तसे काही नव्हते. प्रवाह चांगला होता, जवनिका मात्र थकलेली होती. अॅड्रेनॅलिन वाढवत नेले असते तर तिची ऑक्सिजनची भूक वाढली असती. म्हणून एक्मो सुरू केला आणि डाव्या कर्णिकेतही नळी घातली. ती नसेल तर एक्मोचा प्रवाह महाधमनीत उलट दाब आणतो, दुबळी जवनिका झडप उघडू शकत नाही आणि फुगत जाते. चार दिवसांनी एक्मो काढता आला, त्यानंतर दोन दिवसांनी छाती बंद झाली. अल्कापात एक्मो लागणे म्हणजे शस्त्रक्रिया फसणे नव्हे, हे आई-वडिलांना आधीच सांगून ठेवावे. नाहीतर त्या रात्री त्यांचा धीर सुटतो.

घरी जाताना इजेक्शन फ्रॅक्शन २८ टक्केच होते. हृदय आठवड्या-महिन्यांनी सुधारते, त्यामुळे या आकड्याने निराश होण्याचे कारण नाही. तीन महिन्यांनी ४५, नऊ महिन्यांनी ६० टक्के, मायट्रल गळती किरकोळ. एनालाप्रिल आणि फ्युरोसेमाइड टप्प्याटप्प्याने थांबवले. अॅस्पिरिन रोज किलोमागे ३ ते ५ मिलिग्रॅम काही महिने चालू ठेवले. त्या काळात बाळाला कांजिण्या किंवा फ्लू झाला तर अॅस्पिरिन सुरू ठेवायचे की नाही हे लगेच विचारावे, कारण रे सिंड्रोमचा, म्हणजे यकृत आणि मेंदूला होणाऱ्या गंभीर इजेचा, धोका असतो. घरच्यांना हे लेखी दिले.

पुढच्या भेटींत इको करताना तीन जागा मुद्दाम बघायच्या: जोडलेल्या कोरोनरीचे तोंड, फुप्फुस धमनीची जोडलेली जागा आणि दोन्ही शाखा, आणि मायट्रल झडप. गळती वर्षभरात कमी झाली नाही किंवा वाढली, तर आधी कोरोनरीत अडथळा आहे का ते पाहावे, झडपेचा विचार नंतर. शस्त्रक्रियेनंतर उजवीकडून येणाऱ्या कोलॅटरल आडवाटा हळूहळू आकसतात आणि डावी जवनिका पूर्णपणे नव्या जोडणीवर अवलंबून राहते. जोड हळूहळू अरुंद होत गेली तर मूल खेळते-धावते, तक्रार करत नाही आणि विश्रांतीतला ईसीजीही बऱ्याचदा काही सांगत नाही. म्हणून शाळेच्या वयात व्यायामाच्या ताणाखाली तपासणी आणि एकदा सीटी अँजिओग्राफी किंवा एमआरआय करून घ्यावा. एमआरआयमध्ये पुढच्या-बाजूच्या भिंतीत व्रण दिसला तर होल्टर (सतत ईसीजी नोंदवणारे छोटे यंत्र) लावून ठोक्यांची लय तपासावी आणि चुरशीचे खेळ खेळायचे की नाही हे त्या निकालावर ठरवावे.